अस्सल कागदाभोवतीची सभा

विद्यापीठाच्या इतिहास विभागात आठवड्याने किंवा पंधरवड्याने जी संशोधनसभा भरते, तिचे स्वरूप बाहेरच्या वाचकाला फारसे परिचित नसते. मेजाभोवती दहा-पंधरा माणसे बसलेली असतात. त्यांत विभागातील प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी तर असतातच, पण पुष्कळदा विद्यापीठाशी कोणताही औपचारिक संबंध नसलेला, एखाद्या किल्ल्याचा, घराण्याचा किंवा देवस्थानाचा ध्यास घेतलेला हौशी अभ्यासकही असतो. त्यांतील एक जण आपल्या चालू कामाचा निबंध वाचतो, हाती आलेल्या कागदांच्या प्रती इतरांपुढे ठेवतो, आणि वाचन संपल्यावर जी चर्चा सुरू होते तिचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर देताना निबंधकाराला कागद कोठे मिळाला, तो कोणी व केव्हा लिहिला, तो मूळ आहे की नंतर उतरवून घेतलेला, आणि त्याच गोष्टीबद्दल दुसरा एखादा स्वतंत्र पुरावा काय सांगतो, हे सारे सांगावे लागते. जे उत्तर त्या मेजावर टिकत नाही ते पुस्तकात जाऊ नये, अशी या सभेमागची अपेक्षा असते.

इतिहास-संशोधनाच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात त्या नवा ताम्रपट सापडल्याच्या, एखाद्या ग्रंथाच्या प्रकाशनाच्या किंवा एखाद्या वादाच्या असतात. त्या बातमीच्या आधी वर्षानुवर्षे चालणारे काम, म्हणजे वाचन, टाचणे काढणे, जंत्रीवरून तिथी ताडून पाहणे, सहकाऱ्यांच्या शंकांना तोंड देणे, हे मात्र नजरेआड राहते. वस्तुतः इतिहासातील एखादी गोष्ट ‘सिद्ध झाली’ असे म्हणताना तिची अनेकांनी अनेक बाजूंनी पारख केलेली असते, आणि ही पारख करणारी मंडळी जेथे नियमाने एकत्र येतात तेथेच संशोधन वाढते, हे गेल्या दोनशे वर्षांच्या अनुभवावरून दिसते.

विद्यापीठीय संशोधनसभेची परंपरा सामान्यतः बर्लिनपासून मोजली जाते. लिओपोल्ड फॉन रांके हा इतिहासकार १८२५ मध्ये बर्लिन विद्यापीठात आला, आणि मोठ्या व्याख्यानांखेरीज निवडक विद्यार्थ्यांना स्वतःकडे बोलावून त्यांच्याकडून मध्ययुगीन साधनांची चिकित्सा करवून घेण्याचा प्रघात त्याने पाडला. चिकित्सा म्हणजे एखाद्या वृत्तांतातील कोणता भाग लेखकाने स्वतः पाहिला, कोणता ऐकला आणि कोणता जुन्या ग्रंथातून उचलला, हे वेगळे करून दाखवणे. या छोट्या वर्तुळातून गेऑर्ग वाइत्झ, हाइनरिश फॉन झीबेल असे पुढच्या पिढीचे अध्यापक तयार झाले व त्यांनी आपापल्या विद्यापीठांत तीच रीत नेली. अमेरिकेत १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स याने जर्मनीत शिकून आणलेली ही पद्धत रुजवली, आणि लंडन विद्यापीठात ए. एफ. पोलार्ड याच्या खटपटीने १९२१ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च’ ही संस्था उभी राहिली. ही संस्था आरंभी ब्लूम्सबरीतील तात्पुरत्या लाकडी शेडमध्ये होती; पण पोलार्ड याने एक गोष्ट फार विचारपूर्वक केली होती, ती अशी की सभा जेथे भरायच्या त्याच खोल्यांत भिंतींना लावून छापील साधनग्रंथ मांडलेले असत, आणि त्यामुळे चर्चेत शंका निघाली की उठून तो खंड काढावा व तेथल्या तेथे पाहावे, अशी सोय होती. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जशी प्रयोगशाळा तशी इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही जागा असावी, ही त्यामागची कल्पना होती.

महाराष्ट्रात हा क्रम उलटा झाला. येथे संशोधकांची मंडळी आधी जमली आणि विद्यापीठातील संशोधनविभाग पुष्कळ नंतर आले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले खरे, परंतु संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच त्याचे काम दीर्घकाळ होते. मराठ्यांच्या इतिहासाची मूळ कागदपत्रे या काळात देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या माळ्यांवर आणि मठ-देवस्थानांच्या दप्तरांत पडून होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून ती मिळवली व १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत छापण्यास आरंभ केला. तिचे २२ खंड झाले आणि पहिल्याच खंडात पानिपतच्या संग्रामापर्यंतच्या दशकातील पत्रव्यवहार आला. एका माणसाची धडपड कितीही अफाट असली तरी ती त्याच्याबरोबर संपण्याचा धोका असतो. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, त्यामुळे या धडपडीला एक कायमचे घर मिळाले.

मंडळाच्या सभांत जी परिभाषा घडली ती आजही विद्यापीठांच्या प्रबंधांत वापरली जाते. ज्याच्या हातून किंवा ज्याच्या कचेरीतून कागद निघाला त्याच्याच शिक्क्यामोर्तबाने आलेला मूळ कागद म्हणजे ‘अस्सल’, आणि त्यावरून नंतर उतरवून घेतलेला तो ‘नक्कल’. नक्कल खोटीच असते असे नाही, परंतु उतरवणाऱ्याच्या चुका किंवा हेतू तिच्यात शिरण्याची शक्यता राहते. गावच्या सभेने पंचांच्या साक्षीने दिलेल्या निवाड्याचा लेख म्हणजे ‘महजर’, एखाद्या घराण्याने आपल्या हक्काची सांगितलेली पूर्वहकीकत म्हणजे ‘करीना’, वर्षावार घटनांची टिपणे म्हणजे ‘शकावली’, आणि घटना घडून गेल्यावर, कधी कधी शंभर वर्षांनी, कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिलेली गद्य कथा म्हणजे ‘बखर’. ही साधने एकाच तोलाची नाहीत हे आज उघड वाटते. पण बखर हाच इतिहास मानण्याची सवय जुनी होती, आणि ती मोडायला सभांतील अनेक वर्षांचा वादविवाद खर्ची पडला.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत ही तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७ अशी येते, आणि हीच तिथी रूढ झाली होती. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आसपासची आहे. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्याकडे एक शकावली जपलेली होती. शके १५४० ते १६१९ या काळातील घटना तिच्यात वर्षवारीने नोंदलेल्या असून तिच्यात महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, असा दिलेला आहे. घराण्याच्या वारसाने ती लोकमान्य टिळकांच्या स्वाधीन केली आणि टिळकांनी १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात ती प्रसिद्ध केली. ज्यांनी शिवजयंतीला सार्वजनिक उत्सवाचे रूप दिले त्यांनीच, त्या उत्सवाच्या तिथीला धक्का देणारा कागद लपवून न ठेवता संशोधकांपुढे मांडला, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनाला भूषणावह आहे आणि तिची आठवण फार कमी वेळा काढली जाते.

एका घराण्याच्या टिपणावरून एवढी रूढ तिथी बदलावी काय, हा आक्षेप रास्त होता, आणि संशोधकांनी तो रास्त मानून पुरावा शोधला. कवींद्र परमानंदाने महाराजांच्याच हयातीत रचलेले ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावर येथे सापडले आणि १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातही जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हीच होती. राजस्थानात जोधपूर येथे ज्योतिषी घराण्याने जपलेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच तिथीची निघाली. येथे तिथी जुळली, यापेक्षा ती कोणत्या तीन ठिकाणी जुळली हे अधिक मोलाचे आहे, कारण मावळातील देशमुखाचे टिपण, तंजावरात राहिलेले काव्य आणि मारवाडातील ज्योतिष्याची वही यांच्या कर्त्यांनी एकमेकांचे पाहून लिहिण्याचा संभव नव्हता. अशा स्वतंत्र साधनांच्या एकवाक्यतेलाच संशोधक ‘दुजोरा’ म्हणतात.

तरीही वाद मिटला नाही. राज्य शासनाने १९६६ मध्ये या प्रश्नासाठी इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यात एकमत झाले नाही, आणि पुढे बऱ्याच काळाने शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. या तारखेतही एक मेख आहे. तिथीवरून इंग्रजी तारीख काढण्यासाठी जे तुलनात्मक कोष्टक वापरतात त्याला ‘जंत्री’ म्हणतात, आणि मराठेशाहीच्या अभ्यासकांनी त्या काळासाठी इंग्रज वापरत असत ते जुने ज्युलियन पंचांग धरण्याचा संकेत पाळला आहे. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत, मात्र कोणते पंचांग धरले ते सांगितल्याशिवाय दोन्ही अपुऱ्या आहेत. विद्यार्थ्याने अशी गोष्ट न सांगता पुढे जायचे ठरवले तर त्याला थांबवणारे कोणी तरी मेजाच्या पलीकडे बसलेले असावे लागते.

मंडळाने मिळवलेली कागदपत्रे खासगी घरांतून आली. पेशव्यांचे सरकारी दप्तर मात्र पुण्यातच, इंग्रज सरकारच्या ताब्यात, कुलुपात होते. हजारो ‘रुमालां’त, म्हणजे कापडात बांधलेल्या गाठोड्यांत, ठेवलेल्या या बहुतांशी मोडी कागदांकडे अभ्यासकांना सहज जाता येत नसे, कारण त्यांतून इनामांचे व हक्कांचे जुने दावे पुन्हा उभे राहतील अशी धास्ती सरकारला वाटे. १९३० मध्ये गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यावर निवडीचे काम सोपवण्यात आले, आणि १९३४ पर्यंत ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ भागांत बाहेर पडले. अल्पावधीत झालेले हे काम प्रचंड होते. पण निवड म्हटली की निवडणाऱ्याची दृष्टी आली, आणि त्या वेळी राजकारण व मोहिमा यांनाच अग्रक्रम मिळाला. गावचा शेतसारा, बाजारातले भाव, गोतसभेचे निवाडे, दंड भरणाऱ्या स्त्रियांची नावे असलेले कितीतरी कागद रुमालांतच राहिले. पुढच्या संशोधकांना विषय पुरत आले ते याच राहिलेल्या कागदांमुळे.

मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने १९३५ मध्ये पुण्यात एक अखिल भारतीय परिषद भरवण्यात आली, तिचे अध्यक्षस्थान अलाहाबाद विद्यापीठातील सर शफाअत अहमद खान यांनी भूषवले. दत्तो वामन पोतदार यांच्यासारखे मंडळाचे कार्यकर्ते या योजनेमागे होते. त्या वेळी केवळ अर्वाचीन इतिहासापुरती असलेली ही परिषद १९३८ च्या अलाहाबाद येथील दुसऱ्या अधिवेशनात दे. रा. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली सर्व कालखंडांची झाली, आणि ‘इंडियन हिस्टरी काँग्रेस’ या नावाने आजही ती बहुधा डिसेंबरअखेरीस दर वर्षी वेगवेगळ्या विद्यापीठांत भरते. प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन, भारतेतर देशांचा इतिहास आणि पुरातत्त्व अशा विभागांत तेथे निबंध वाचले जातात. लहान गावच्या महाविद्यालयात एकटाच इतिहास शिकवणारा अध्यापक आणि ज्याचे ग्रंथ तो शिकवतो तो इतिहासकार हे एकाच दालनात बसण्याचा प्रसंग अशा अधिवेशनातच येतो, म्हणून निबंधांच्या दर्जाबद्दल कितीही तक्रारी असल्या तरी या वार्षिक भेटीचे मोल कमी होत नाही.

स्वातंत्र्यानंतर नवी विद्यापीठे आली तेव्हा मंडळांची ही पुण्याई त्यांना आयती मिळाली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि पोतदार पुढे त्याचे कुलगुरू झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे १९६२ मधील पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार होते व ताराबाईकालीन कागदपत्रांचे त्यांनी केलेले संपादन त्या विद्यापीठाच्या संशोधनाचा पाया ठरले. गोव्याच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला, तेव्हा मोडी कागदांची एकच बाजू पाहण्याची सवय लागलेल्या अभ्यासकांना त्याच घटनांची लिस्बनला कळवलेली दुसरी बाजू मराठीतून वाचायला मिळाली. पुणे विद्यापीठाच्या इतिहास विभागात अ. रा. कुलकर्णी यांनी लढायांपेक्षा गाव, वतन, बलुतेदारी आणि जमीनमहसूल यांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वळवले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शिवकालीन महाराष्ट्रावरील इंग्रजी ग्रंथ हा या दृष्टीचा ठळक नमुना आहे.

या दृष्टीमुळेच मराठी कागदांचे वाचक महाराष्ट्राबाहेरही तयार झाले. जपानमधील हिरोशी फुकाझावा यांनी दख्खनमधील शेतकरी, जात आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांवर मराठी साधनांच्या आधारे केलेले लेखन १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आले, आणि बलुतेदार हा एका कुटुंबाचा नोकर नसून सबंध गावाचा सेवक होता, हे त्यांनी केलेले विवेचन नंतरच्या अभ्यासात वारंवार उद्धृत होत गेले. टोरांटो विद्यापीठात न. के. वागळे यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये महाराष्ट्राची संस्कृती व समाज या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषदेची मालिका सुरू झाली. तिच्यात इतिहासकारांबरोबर संतसाहित्याचे, दलित चळवळीचे आणि लोकदैवतांचे अभ्यासक एकत्र येऊ लागले. इंडो-पोर्तुगीज इतिहासावरील आंतरराष्ट्रीय परिसंवादांची मालिकाही १९७८ मध्ये गोव्यातच सुरू झालेली आहे.

आजच्या विद्यार्थ्याचा या वर्तुळात प्रवेश होतो तो पीएच.डी.च्या वाटेने. प्रवेशपरीक्षा, संशोधन-आराखडा, मार्गदर्शक, सल्लागार समितीपुढे ठरावीक काळाने मांडायचा प्रगती-अहवाल, बहिःस्थ परीक्षकांकडे जाणारा प्रबंध आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा, म्हणजे ज्या परीक्षेला कोणीही श्रोता म्हणून बसू शकतो व प्रश्न विचारू शकतो अशी परीक्षा, हा या वाटेचा क्रम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहामुळे पूर्वी ग्रंथालयाच्या कपाटात निजलेले प्रबंध कोणालाही वाचता येऊ लागले. हा बदल अत्यंत हितकारक आहे, कारण त्यामुळे उसनवारी झाकणे कठीण झाले. २०१६ च्या नियमांनी मात्र पदवीपूर्वी एक शोधनिबंध छापणे आणि दोन निबंध परिषदांत वाचणे सक्तीचे केले, आणि ती सक्ती २०२२ च्या नियमांनी उठेपर्यंत जे घडायचे ते घडले : एका दिवसात शंभर निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटे, चर्चेला वेळ नाही, आणि निघताना प्रमाणपत्र. ज्या सभेत शंका विचारायला अवकाश नाही ती संशोधनसभा नव्हे, आणि अशा परिषदांनी विद्यार्थ्यांच्या एका सबंध पिढीला खरी सभा कशी असते हे कळू दिले नाही, ही हानी नियम बदलून भरून निघणारी नाही.

त्या मानाने गाजावाजा न होता चालणारा एक उपक्रम फार मोलाचा आहे, तो म्हणजे मोडी लिपीचे वर्ग. मराठी कारभार शतकानुशतके ज्या लिपीत चालला ती मोडी स्वातंत्र्यानंतर शाळांतून व कचेऱ्यांतून गेली, आणि त्यामुळे आजोबांच्या हातचे खरेदीखत नातवाला वाचता येईना. विद्यापीठांतून, मंडळांतून आणि पुराभिलेखागारांच्या पुढाकाराने भरणाऱ्या वर्गांना इतिहासाचे विद्यार्थी येतात तसे वकील, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि घरच्या वतनाचा कागद घेऊन आलेले शेतकरीही येतात. अक्षरे आठवड्या-दोन आठवड्यांत ओळखता येतात. कठीण असते ते शब्द न तोडता एका ओघात लिहिलेल्या ओळींतून शब्द वेगळे करणे, आणि त्याहून कठीण असतात ते फारसी वळणाचे मायने, संक्षेप आणि अरबी संख्यावाचकांनी दिलेले सुहूर सन या जुन्या कालगणनेचे आकडे. गणेश हरी खरे यांनी फारसी साधनांचे खंड संपादून या दिशेला जी वाट करून दिली तिच्यावर चालणारे आज मोजकेच आहेत, कारण मोडी आणि फारसी या दोन्ही लिपी सारख्याच सहजतेने वाचणारा अभ्यासक तयार व्हायला दहा वर्षे लागतात आणि पीएच.डी.ची मुदत तेवढी नसते.

दरम्यान कागद थांबत नाहीत. वाडे पडतात, जमिनी विकल्या जातात, माळ्यावरची पेटी उतरवली जाते, आणि तिच्यातील कागद भंगारात जायचे की विभागाच्या मेजावर यायचे, हे घरातल्या एखाद्या सुनेच्या किंवा नातवाच्या ओळखीत मोडी शिकलेला कोणी आहे की नाही यावर अवलंबून राहते. कारीच्या जेध्यांची शकावली अशीच एका घरातून निघाली होती. त्या घरातील माणसाला ती कोणाकडे न्यावी हे ठाऊक होते, आणि ज्यांच्याकडे ती नेली त्यांना ती कोणत्या सभेपुढे ठेवावी हे ठाऊक होते.